62 हजार किमी चाललेली 1.0 टर्बो पेट्रोल कुशाक घ्यावी का? इंजिन टिकेल का?

2021 ची स्कोडा कुशाक, 1.0 टीएसआय (म्हणजे तेच टर्बो पेट्रोल), मॅन्युअल, 62 हजार चाललेली मिळतेय, पण घरचे म्हणतात तीन सिलिंडरचं टर्बो म्हणजे लाखाच्या आत इंजिनचं काम निघणार. इंजिनची माहिती हवी आणि घ्यावी की नको तेही सांगा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्याकडे 2020 ची फोक्सवॅगन पोलो आहे, याच घराण्यातलं इंजिन, फक्त 110 पीएसचं. काट्यावर 91 हजार झालेत, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अजून उघडलेलं नाही. शिक्षणानं मेकॅनिकलवाला आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

घरच्यांची भीती अगदीच हवेतली नाही, पण ती बहुतेक दुसऱ्याच इंजिनावरून आलेली आहे. फोर्डच्या इकोस्पोर्टमध्ये 1.0 इकोबूस्ट आलं होतं. तेही एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप). 2012 पासून लागोपाठ तीन वर्षं जगातलं सर्वोत्तम इंजिन म्हणून त्याचा गौरव झाला. पण त्याचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, इंजिन ऑईलमध्ये भिजत फिरायचा. रबर ऑईलमध्ये हळूहळू झिजतं, त्याचा चुरा ऑईल पंपाच्या जाळीत अडकतो, ऑईलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. युरोपात प्यूजो-सिट्रोएनच्या 1.2 प्यूअरटेकनंही याच कारणानं नाव घालवलं. कुशाकच्या इंजिनातला बेल्ट कोरडा आहे, ऑईलशी त्याचा संबंध येत नाही. तेव्हा 'तीन सिलिंडर टर्बो' म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

आता आकडे. 999 सीसी, 12 व्हॉल्व्ह, बोअर (सिलिंडरचा व्यास) 74.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 76.4 मिमी, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा. ताकद 115 पीएस, टॉर्क, म्हणजे ओढ, 178 न्यूटन मीटर, आणि तो 1750 पासून 4500 आरपीएमपर्यंत सपाट. फोक्सवॅगन घराण्यात (स्कोडा त्यातलीच) याला ईए211 म्हणतात. आधीच्या ईए111 मालिकेतल्या 1.2 आणि 1.4 टीएसआयला टायमिंग चेन होती. ती ताणली जाते अशा तक्रारी युरोपात गाजल्या, आणि ईए211 ला कंपनीनं बेल्ट दिला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग) वेगळा नाही, हेडच्याच ओतकामात आहे, त्यामुळे सकाळी इंजिन लवकर तापतं. थरथर मारायला असतो तो बॅलन्स शाफ्ट नाही. म्हणून सिग्नलला उभं असताना स्टेअरिंगला जी बारीक थरथर जाणवते ती बिघाड नाही, तीन सिलिंडरचा स्वभाव आहे. (माझ्या वडिलांना दोन वर्षं हे पटलं नव्हतं.)

यातला पीएसचा आकडा बाजूला ठेवा. टॉर्कला लिटरनं भागा. साध्या, बिनटर्बोच्या 1.2 पेट्रोलला 113 न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क असतो, तोही चार हजारांच्या पुढे. म्हणजे लिटरला साधारण 94. या इंजिनात लिटरला 178. पिस्टनच्या माथ्यावर प्रत्येक ठोक्याला पडणारा सरासरी दाब जवळजवळ दुप्पट, आणि तो 1750 लाच! पिकअपचं सुख इथून येतं आणि दुखणीसुद्धा इथूनच.

पहिलं दुखणं आपण स्वतः लावून घेतो. मीच लावून घेत होतो. साध्या इंजिनावर शिकलेली सवय म्हणजे अ‍ॅव्हरेजसाठी वरचा गिअर टाकायचा आणि गाडी ओढत न्यायची. साताऱ्याहून पाटणमार्गे चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात मी चौथ्यात 1400 वर पाय दाबून चढायचो. गाडी चढायची, कारण टर्बो ढकलतो. साधं इंजिन असतं तर केव्हाच गुदमरलं असतं आणि मी मुकाट गिअर उतरवला असता. एकदा एका वळणावर आतून 'टण्ण' असा एकच आवाज आला, कोणीतरी हातोडी मारावी तसा. नेहमीचा नॉक (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेटल्याचा आवाज) बारीक खडखडतो, हा तसा नव्हता.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत हे घडू शकतं. आरपीएम कमी, भार जास्त, पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑईलमध्ये मिसळतो, त्या मिश्रणाचा थेंब उडून प्लगच्या ठिणगीआधीच पेटतो. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट. एखाददुसऱ्या वेळी इंजिन पचवून जातं, सवय झाली तर पिस्टनला रिंगच्या खाचेपाशी चीर जाते. आमच्या फिटरनं कॅमेरा घालून पाहिलं, पिस्टन ठीक होते. तेव्हापासून घाटात तिसरा, आणि 1800 च्या खाली असताना पाय पूर्ण दाबायचा नाही. अ‍ॅव्हरेजमध्ये फरक पडला तो सांगण्याइतका नाही.

हा आजार ऑईलवरही अवलंबून असतो. ऑईलमधले कॅल्शियमवाले डिटर्जंट तो वाढवतात, मॅग्नेशियमवाले तसा वाढवत नाहीत. हे कळल्यावर ऑईलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेनं आधी एसएन प्लस आणि मग 2020 मध्ये एसपी हा दर्जा आणला, त्यात या अकाली पेटण्याची वेगळी चाचणी असते. म्हणून 'फुल सिंथेटिक घातलंय साहेब' या वाक्यावर जाऊ नका. डब्यावर मॅन्युअलमधला मंजुरीचा आकडा हवा. फोक्सवॅगन घराण्यात 502 00, 508 00 असे आकडे असतात, तुमच्या गाडीला कुठला तो मॅन्युअलमध्येच पाहा. मला एका सर्व्हिस सेंटरनं एकदा 'इंजिन ऑईल, लूज' एवढंच लिहिलेलं बिल दिलं. कुठलं विचारलं तर 'बॅरलमधलं' हे उत्तर! तिथेच उभा राहून पुन्हा बदलून घेतलं, भांडण झालं, पण घेतलं.

टर्बोचं आयुष्यही ऑईलवरच उभं आहे. एवढासा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो, एका बाजूला हजाराच्या आसपास अंश तापलेला धूर, आणि मधल्या दांड्याला आधार फक्त ऑईलच्या पातळ थराचा. ऑईल बदलायला कंपनी 15 हजार किमी किंवा एक वर्ष सांगते. शहरातला जाम, धूळ आणि मे महिना पाहता मी आठ हजारांवर बदलतो, जास्तीचे दोन-तीन हजार रुपये जातात. गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं चालू ठेवायचा जुना विधी मात्र इथे नको. इंजिन बंद झाल्यावरही टर्बोकडे कूलंट फिरवणारा इलेक्ट्रिक पंप आहे. घाट चढून लगेच चहाला थांबलात तर अर्धा मिनिट द्या, पुरे.

आता तुमच्या गाडीपुरतं. 2021 च्या, पहिल्या खेपेच्या 1.0 कुशाकमध्ये ईपीसीचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक्सचा इशारा देणारा) दिवा लागून ताकद जाण्याच्या तक्रारी बऱ्याच आल्या होत्या. कंपनीनं दोष फ्युएल पंपाचा असल्याचं सांगून जास्त दणकट पंप बसवून दिले. तुमच्या गाडीला तो बदललाय का, हे चेसिस नंबरवरून शोरूममध्ये कळेल. हे पहिलं काम.

दुसरं, बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या बाजूला वाकून बघा. तिथे थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप एकाच घरात आहेत, पंप कॅमशाफ्टवरून वेगळ्या छोट्या बेल्टनं फिरतो. या इंजिनाचा झिरपायचा कोपरा हाच. कूलंटचा गुलाबीसर वाळलेला पापुद्रा दिसला किंवा कूलंटची टाकी खुणेच्या खाली असली तर तो खर्च किमतीतून वजा करा. टर्बो इंजिन एकदा जास्त तापलं की हेड गॅस्केटपासून सगळंच संशयात येतं, म्हणून हा कोपरा मी ऑईलनंतर सगळ्यात महत्त्वाचा मानतो.

गाडी सकाळी थंड असतानाच बघायची. मालकाला सांगून ठेवा, आधी सुरू करू नका म्हणून. सुरू केल्यावर निळा धूर, मिस मारणं, शिट्टीचा वाढता आवाज, काहीही असलं तर सोडून द्या. मग चढावर तिसऱ्यात 2000 वरून पाय दाबा, ओढ सलग आली पाहिजे, मध्ये आचका नको. स्कॅनर लावून मिसफायरची नोंद बघा. कॉइल आणि प्लगचे प्रश्न तिथे दिसतात, आणि ते स्वस्तातले असतात.

व्हॉल्व्हवर काजळी धरते हेही खरं. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत. 62 हजारांवर फारशी चिंता नको. फक्त गावात दोन-दोन किलोमीटर फिरलेली असेल तर थोडी जास्त धरली असेल.

इथेनॉलचं विचारलं नाहीत, पण विचारणारच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे 20 टक्के मिश्रणात हिशेबानं सहा-सात टक्क्यांचा फटका. नॉकच्या दृष्टीनं ते उलट चांगलं. प्रश्न पाइप-सीलांचा. 2021 च्या गाडीबद्दल कंपनीकडून लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

मी असतो तर घेतली असती, एका अटीवर: प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल हवं आणि त्यावर ऑईलचं नाव हवं. 62 हजारांत निदान चार बिलं निघायला हवीत. मालक 'सगळं शोरूमलाच केलंय' एवढंच म्हणाला आणि कागद निघाले नाहीत, तर पुढची गाडी बघा. या इंजिनाच्या चाकणातच बनलेल्या गाड्या सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत.