वाचकांचे प्रश्न : मुलांची झोप, स्मार्ट बल्ब आणि कूलर

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. साडेनऊला झोपवायला घेतलं तरी अकरा वाजतात. म्हणून आपोआप मंद होणारा स्मार्ट बल्ब आणला, पण बरेचदा तो ॲपला दादच देत नाही. शिवाय रात्री लाइन जाऊन आली की लख्ख पेटतो आणि मुलगा जागा होतो. बल्ब बदलावा का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बल्ब बदलू नका, त्याची जागा बदला. भिंतीवरचं बटण कुणी सवयीनं बंद केलं की बल्बची वीजच तुटते, मग ॲपमधून काहीही केलं तरी तो ऐकणार कसा? आजी-आजोबांना ‘बटणाला हात लावू नका’ असं रोज सांगणं बरंही दिसत नाही. ट्यूबलाइट तिच्या बटणावर तशीच राहू द्या आणि स्मार्ट बल्ब वेगळ्या सॉकेटवरच्या टेबल लॅम्पमध्ये लावा. लॅम्पचा होल्डर पिनचा की आट्याचा, तेवढं आधी बघून घ्या.

लाइन आल्यावर पूर्ण उजेडात पेटणं ही बहुतेक बल्बची कारखान्यातूनच आलेली सेटिंग असते. ॲपमध्ये बल्बच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर-ऑन’ नावाचा पर्याय शोधा आणि तिथे ‘आधीची स्थिती’ निवडा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर लाइन आल्यावर तो सुरू होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात आणि नेमक्या त्या वेळेतला बदल हुकू शकतो. बहुतेक स्मार्ट बल्ब २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात, ५ वर जोडले जात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. तीव्र पांढऱ्या उजेडानं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं आणि लहान मुलांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. आपल्याकडची एलईडी ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची, म्हणजे पांढऱ्याशुभ्र उजेडाची असते. ती चालू ठेवून मुलाला झोप म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. झोपेच्या तासभर आधी ट्यूब आणि टीव्ही बंद करा. लॅम्प २७०० केल्विनवर, म्हणजे पिवळसर रंगावर, उजेड ४० टक्के. अर्ध्या तासानं १५ टक्के, शेवटच्या पंधरा मिनिटांत ५, मग बंद. वेळ घड्याळानं लावा, ‘सूर्यास्त’ हा पर्याय निवडू नका. नागपुरात जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात साडेपाचनंतर लगेच.

पण मुलगा अकराला झोपत असेल तर पहिल्याच दिवशी साडेनऊची वेळ लावू नका. तो अंधारात नुसता लोळेल आणि अंथरुणाचा त्याला कंटाळा येईल. आधी शेवट पावणेअकराला ठेवा, मग दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सकाळी उठवण्याची वेळ मात्र एकच. उन्हाळ्यात दुपारची झोप लांबते, ती चारच्या पुढे जाऊ देऊ नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप पुरते.

प्रश्न : कूलर रात्रभर चालला की पहाटे मुलगी गारठते, बंद केला तर घामानं उठते. टायमर लावता येईल का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : येईल, पण पंख्याला नाही, पंपाला. दोन-अडीच वाजता पंप बंद झाला की ताट्या (कूलरच्या ओल्या जाळ्या) हळूहळू सुकतात, गारवा कमी होतो आणि हवा खेळती राहते. लोखंडी कूलरमध्ये पंपाची पिन वेगळी असेल तर स्मार्ट प्लग तिथेच लावा. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून पंपाची वायर वेगळी काढून घ्या, स्वतः करू नका. प्लग टाकीपासून दूर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर हवा. लोखंडी कूलरला अर्थिंग आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर आधी तो खर्च करा, स्मार्ट प्लग नंतर घ्या. घरात मूल आहे, इथे तडजोड नको. रिमोटच्या कूलरला प्लगचा उपयोग नाही, कारण वीज परत आली तरी बरेचसे कूलर स्वतःहून सुरू होत नाहीत. त्यांच्यातलाच टायमर वापरा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पंप रात्रभर लागतो, तेव्हा वेळापत्रक बंद ठेवा आणि कूलरचा झोत मुलीच्या अंगावरून भिंतीकडे वळवा.

प्रश्न : स्मार्ट स्पीकरवर अंगाई लावते, पण ती दणक्यात सुरू होते आणि रात्रभर थांबत नाही.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : स्पीकर अलेक्साचा असेल तर तिच्या ॲपमध्ये ‘रूटीन्स’मध्ये (ठरवलेली कामं ओळीनं करवून घेणारा पर्याय) जाऊन क्रम तपासा. आधी आवाज १० पैकी २, मग अंगाई. क्रम उलटा झाला की दिवसाच्या आवाजातच गाणं सुरू होतं. थांबवण्यासाठी वीस मिनिटांनंतरचं दुसरं रूटीन करा. गोष्ट मात्र तुम्हीच सांगा, ते काम स्पीकरकडे देऊ नका. स्पीकर मुलाच्या डोक्यापासून निदान ७ फूट आणि त्याची वायर पाळण्यापासून ३ फूट लांब असू द्या.