वसाहतीच्या बसचा आराखडा मांडताना

प्रिय मित्रा,

तुझा नकाशा पाहिला. मिनीबस तू प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी नेली आहेस. सगळे खूश होतील, पण बसमध्ये बसणार कोणीच नाही.

आधी फेरीचं गणित मांड. समज, स्टेशन ते वसाहत जाऊन-येऊन ६ किलोमीटर आहे. गतिरोधक, वळणं आणि चढ-उतार धरून ताशी १५ किलोमीटरचा वेग पकडला तर २४ मिनिटं लागतात. टोकाला ६ मिनिटं विसावा, म्हणजे फेरी ३० मिनिटांची. दोन गाड्या असतील तर दर १५ मिनिटांनी बस, आणि दर तासाला त्याच वेळा. वेळापत्रक पाहावंच लागत नाही. आता कुणाच्या आग्रहाखातर ४ मिनिटांचा वळसा घाल. बस १७ मिनिटांवर जाते: ७.००, ७.१७, ७.३४, ७.५१, ८.०८. हे पाठ कोण करणार? मग कुणीतरी सुचवतं की विसाव्यातलीच ४ मिनिटं कापू. ते करू नकोस. उशीर तिथेच भरून निघतो, आणि चालकालाही पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला वेळ हवा.

एकेरी गोल मार्ग कागदावर छान दिसतो. पण सकाळी ३ मिनिटांत स्टेशन गाठणाऱ्याला संध्याकाळी अख्खी वसाहत फिरून घरी यावं लागतं. जायचा-यायचा रस्ता एकच ठेव. थांबे ३०० ते ४०० मीटरवर पुरतात. चढ असेल किंवा म्हातारी माणसं जास्त असतील तर जवळ घे.

चालकाला एक गोष्ट पक्की सांग: वेळेआधी गाडी हलवायची नाही. दोन मिनिटं उशीर झाला तर प्रवासी दोन मिनिटं जास्त थांबतो. पण गाडी मिनिटभर आधी सुटली तर त्याची पुढची पंधरा मिनिटं जातात, आणि उद्या तो रिक्षाच करतो.

रात्रीची शेवटची फेरी रिकामी दिसली म्हणून बंद करू नकोस. परतीची खात्री नसलेला माणूस सकाळीच स्वतःची गाडी काढतो, आणि तोटा सकाळच्या फेरीत दिसतो. राखीव गाडीची सोय सुरुवातीलाच कर, निदान भाड्याने मिळेल अशी.

आता गर्दीच्या वेळी, भरलेल्या गाडीतून, तीन दिवस घड्याळ लावून मार्ग फिर. सर्वांत संथ फेरीचा आकडा मला पाठव, सरासरी नको. मग थांब्यांच्या जागा ठरवू.

कळावे.