चार्ज दिला, पण जीव वरच

"मॅडम, ह्यांना घरी येऊन बावीस दिवस झाले. पण माणूस अजून वरच हाय."

गडहिंग्लज भागातून एसटीने सकाळी निघून ती कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पोचली होती. 'वर' म्हणजे सियाचीन. तिचे पती हवालदार. तीन महिने हिमनदीवरच्या पोस्टवर काढून, दुसऱ्या पलटणीला चार्ज देऊन ते सुट्टीवर आले होते. रात्री बरोबर दोनला उठतात, गोठ्याचं दार, पुढचं कुलूप, मागचं कुलूप बघतात. दिवसा बेस कॅम्पला ओळखीच्या माणसाला फोन: वर वारा किती, पार्टी निघाली का? फोन लागला नाही की जेवण तसंच राहतं. फौजींच्या बायकांकडून ही काळजी मी अनेकदा ऐकली आहे. (इथे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पुढच्या वेळी ते स्वतः आले. मी म्हटलं, "दादा, मला चार्ज द्या. मी नवीन हवालदार."

आधी ते अवघडले. मग माझ्या टेबलावरचा कागद ओढून पोस्ट काढायला लागले. पोस्टचं नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दारूगोळा मोजून, रॉकेलचे जेरीकॅन मोजून, दोर, औषधं, रेडिओ, सगळं रजिस्टरवर सही करून दिलेलं. ह्याला ते हँडिंग-टेकिंग म्हणतात. कागदावरचं दहा मिनिटांत आटपलं. मग पेन एका जागी थांबलं. तिथे बर्फाला भेग होती. वरून बर्फ धरतो, दिसत नाही. बाजूने झेंड्या रोवलेल्या, पण रात्रीतून हिमवर्षाव झाला की त्याही गाडल्या जातात. दोराला बांधून एकामागून एक चालायचं ते ह्याचसाठी. "तिसऱ्या झेंडीपासून डावीकडं धरायचं," असं म्हणत त्यांनी ती रेघ इतक्यांदा गिरवली की कागद फाटला.

"हे नव्या हवालदाराला सांगायचं राहिलं का?"

"नाही. तीनदा सांगितलं. बरोबर नेऊन दाखवलं."

"मग?"

"तो विसरला तर?"

ही भीती खुळी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. एप्रिल १९८४ पासून आपली फौज तिथे आहे, आणि शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी माणसं जास्त नेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका पोस्टवरचे दहा जवान बर्फाखाली गाडले गेले, दहाही गेले. तीन महिने ज्या डोळ्यांनी राखण केली, ते डोळे सही केल्याबरोबर मिटत नाहीत.

मी एवढंच विचारलं, "तुम्ही वर गेलात तेव्हा चार्ज कुणी दिला?"

"एका जाट हवालदारानं."

"त्यांचे फोन यायचे?"

"एकदाच. खाली सुखरूप पोचलो म्हणून."

"रोज आला असता तर?"

बराच वेळ ते फाटक्या कागदाकडे बघत राहिले. "राग आला असता. म्हटलं असतं, भरोसा नाही काय माझ्यावर."

फोन आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि त्यातही पोस्टचं काही विचारायचं नाही, फक्त खुशाली, हे त्यांनीच ठरवलं. मी सुचवलंही नव्हतं.

पण मला खरी गाठ घरातच दिसत होती. दोन वर्षं घर बाईने चालवलं होतं: म्हैस, उसाची तोड, सोसायटीचं कर्ज, पोराची पाचवीची शाळा. ह्यांनी आल्या आल्या तिसऱ्या दिवशी सगळं हातात घेतलं आणि चुका काढायला लागले. मी म्हटलं, "नवीन पोस्टवर पहिले दिवस काय करता?" म्हणाले, "जुन्याच्या मागून चालायचं. तोंड बंद." तेच घरी करायला सांगितलं, आठ दिवस. ते खरंच चालले. डेअरीवर, कारखान्याच्या गटऑफिसात, शाळेत, तिच्या मागून, न बोलता. म्हैस तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही, हे त्यांना पाचव्या दिवशी कळलं.

दोन महिन्यांच्या सुट्टीत सगळ्यांचंच असं सुटतं असं नाही. महिना उलटूनही झोप नसेल, तीच दृश्यं पुन्हापुन्हा दिसत असतील, दारू वाढली असेल तर मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. जगणं नको असं तोंडून निघालं, तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फौजींसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला. "नोंद होईल, प्रमोशन अडेल" ह्या धास्तीने माणसं गप्प बसतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

सुट्टी संपायच्या आधी तिचा फोन आला.

"मॅडम, काल रात्री दोनला मीच जागी झाले. बघितलं तर हे गाढ झोपलेले. मग मीच उठून कुलूप बघून आले."