आईच्या स्तनातील गाठ तेवढी काढावी की पूर्ण स्तन काढून टाकावा? खर्च आणि फायदा कशात आहे?

तुम्ही लिहिले आहे की आई ५८ वर्षांच्या आहेत, डाव्या स्तनात सव्वादोन सेंटिमीटरची कर्करोगाची एकच गाठ आहे, काखेत हाताला काही लागत नाही, सर्जनांनी दोन्ही पर्याय खुले ठेवले आहेत आणि गुरुवारपर्यंत निर्णय कळवायचा आहे. मामांचे म्हणणे असे की या वयात पूर्ण स्तन काढला म्हणजे शेकाचा (रेडिएशनचा) खर्च आणि हेलपाटे वाचतील आणि रोगही मुळासकट जाईल. हे वाचून मी लिहायला बसले, कारण आमच्या घरातले मामा म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि हेच वाक्य मी नोव्हेंबर २०११ मध्ये नागपूरच्या एका रुग्णालयात तपासणीच्या खोलीत उभी राहून ऐकले होते.

‘मुळासकट’ या शब्दाबद्दल आधी सांगते. तुमच्या आईसारख्या गाठीत दोन्ही मार्गांनी जगण्याची शक्यता सारखीच असते. इटलीतल्या मिलानमध्ये सर्जन उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर, आणि अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या १,८५१ स्त्रियांवर हाच प्रश्न तपासला. कोणत्या स्त्रीवर कोणती शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. २००२ साली दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया अधिक जगल्या असे कुठेही दिसले नाही. फरक दिसला तो त्याच जागी रोग परतण्यात. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून शेक घेतलेल्यांपैकी शंभरात १४ जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली, तर शेक न घेतलेल्यांपैकी ३९ जणींना. म्हणून गाठ काढायची आणि शेक टाळायचा हा पर्याय तुमच्या आईपुढे ठेवू नका. आजच्या औषधांमुळे रोग परतण्याचे प्रमाण त्या काळापेक्षा बरेच खाली आले आहे.

माझी ताई काटोलकडची. तेव्हा ती ५२ वर्षांची होती, गाठ दोन सेंटिमीटरची आणि एकच. सर्जनांनी स्पष्ट सांगितले की स्तन वाचवता येईल, मात्र पाच आठवडे रोज शेकासाठी यावे लागेल. संत्र्याचा आंब्या बहार तोडणीला आला होता, भाऊजींचे अर्धे लक्ष बागेत होते, आणि दादाने त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकले, ‘‘काढूनच टाका जी डॉक्टरसाहेब. आता या वयात ठेवून कायले धोका घ्यायचा?’’ त्या वेळी ताई त्याच खोलीत हिरव्या पडद्याआड ब्लाउजचे हुक लावत होती. पडद्याखालून तिची पावले दिसत होती आणि ती दादाचे वाक्य संपेपर्यंत हलली नाहीत. फाइल माझ्या हातात होती. मीही काही बोलले नाही. संमतीपत्रावर भाऊजींची सही आधी झाली, ताईची नंतर.

शेक वाचावा म्हणून स्तन काढला, आणि आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल आला तेव्हा काखेतल्या पाच गाठींमध्ये, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथींमध्ये, रोग निघाला. चार किंवा अधिक गाठींमध्ये रोग असेल, किंवा स्तनातली गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल, तर पूर्ण स्तन काढल्यानंतरही छातीच्या भिंतीला शेक द्यावा लागतो. ही गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती आणि तुमच्या मामांनाही बहुधा ठाऊक नसावी. केमोथेरपी संपवून मे २०१२ मध्ये ताई माझ्याकडे राहायला आली आणि तिने २५ शेक घेतले, त्यातले शेवटचे दहा-बारा तर नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत आणि त्याच्या मागेपुढे. छातीची कातडी काळवंडून सोलवटली होती. ज्या हेलपाट्यांसाठी एवढे केले, त्यातला एकही वाचला नाही.

मी सत्तावीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिवणकला शिकवली आहे, त्यामुळे ताईचे ब्लाउज मीच शिवत आले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा माप घेतले तेव्हा उजवीकडची कटोरी कापायचीच नाही हे लक्षात येऊन माझी कात्री थांबली. आधी मी मलमलीच्या पिशवीत कापूस भरून दिला. कापूस हलका, त्यामुळे हात वर केला की पिशवी गळ्याकडे सरकायची, आणि ताई सारखी खांद्यावर पदराला पिन लावत राहायची. मग दुहेरी कापडात मोहरी भरली, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून ३०० ग्रॅम, तेव्हा कुठे दोन्ही खांदे एका रेषेत आले. उन्हाळ्यात ती पिशवी घामाने भिजायची, म्हणून तीन शिवून ठेवल्या. पुढे सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणला. तो अधिक चांगला, पण काही वर्षांनी बदलावा लागतो. वजन सारखे नसेल तर मान आणि पाठ दुखते. हाही खर्चच आहे, पण हिशेब मांडताना पुरुषमंडळी तो धरत नाहीत. ‘या वयात काय करायचा आहे’ असे म्हणणाऱ्याने एकदा अशा ब्लाउजचे माप घ्यावे असे मला मनापासून वाटते.

दादा आजही म्हणतो की ताई आपल्यात आहे ती त्याच्या निर्णयामुळे. ताई आहे ती केमोथेरपीमुळे, शेकामुळे आणि वर्षानुवर्षे रोज घेतलेल्या गोळीमुळे. स्तन राखला असता तरी हेच उपचार झाले असते. मी त्याला दोष देते तो चुकीच्या माहितीसाठी नाही, कारण माहिती आमच्यापैकी कोणालाच नव्हती. दोष देते तो पडद्यापलीकडच्या बाईला न विचारल्याबद्दल. शेकाच्या काळात एका रात्री कूलरसमोर पडल्या पडल्या ताई मला म्हणाली होती, ‘‘मले कोणी इचारलंच नाही वं.’’

आता पैशांचे. उपचारांतला मोठा खर्च बहुधा केमोथेरपीचा आणि औषधांचा असतो, आणि तो गाठीच्या प्रकारावर आणि काखेतल्या गाठींवर ठरतो. शस्त्रक्रिया कोणतीही केली तरी तो बदलत नाही. स्तन राखल्यास शेकाचा खर्च वाढतो, दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी) लागते, आणि कापलेल्या भागाच्या कडेला रोग आढळला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पूर्ण काढल्यास शस्त्रक्रिया मोठी, जखमेतले पाणी काढणारी नळी काही दिवस लावून ठेवावी लागते, आणि स्तनाची पुनर्रचना करायची झाल्यास तिचा खर्च वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि शेक दोन्ही बसतात, तेव्हा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा आणि दोन्ही पर्यायांचा अंदाज लेखी मागा. शेकाची सोय नागपुरातच आहे, तुकडोजी रुग्णालयात आहे आणि जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतही. शिवाय २५ शेकांऐवजी आता अनेकांना तीन आठवड्यांत १५ दिले जातात, आणि निवडक रुग्णांना आठवड्याभरात ५ देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष ब्रिटनमध्ये २०२० साली आले आहेत. गाठ डावीकडे असल्यामुळे हृदय वाचवण्यासाठी श्वास रोखून शेक देण्याची सोय आहे का, हे अवश्य विचारा.

काखेबद्दल मात्र मी ताईच्या अनुभवावरून स्तनाच्या शस्त्रक्रियेला दोष देऊ शकत नाही. तिचा उजवा हात कायमचा सुजलेला आहे, ब्लाउजची बाही त्या बाजूला दीड इंच सैल ठेवावी लागते, पण ते काखेतल्या सगळ्या गाठी काढल्यामुळे, आणि स्तन राखला असता तरी त्या निघाल्याच असत्या. सगळ्या गाठी काढल्यावर सुमारे पाचात एकीचा हात सुजतो. रंग टोचून पहिल्या दोन-चार गाठीच तपासल्या, ज्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात, तर सुमारे विसात एकीचा. तुमच्या आईच्या काखेत काही लागत नाही, म्हणून काखेतल्या सगळ्या गाठी काढण्याआधी या तपासणीचा आग्रह धरा.

पूर्ण स्तन काढणे बहुधा योग्य ठरते अशाही स्त्रिया असतात, हेही लिहायला हवे: एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असणाऱ्या, छातीला पूर्वी शेक घेतलेल्या, आनुवंशिक कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकात दोष असणाऱ्या, किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असून आधी केमोथेरपी देऊनही ती न आटलेल्या. माझ्या एका विद्यार्थिनीने दोन्ही पर्याय समजून घेतल्यावर पूर्ण काढायचे ठरवले, कारण दरवर्षी मॅमोग्राफीच्या आधी झोप उडेल हे ती स्वतःला ओळखून होती. ती समाधानी आहे, आणि तिचा निर्णय मला पूर्ण मान्य आहे.

गुरुवारच्या आधी एका संध्याकाळी घरात दुसरे कोणी नसताना आईंना हे सगळे वाचून दाखवा. सर्जनांना भेटताना खुर्चीवर त्यांना बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. मामांना फोन त्यानंतर करा.