गो खेळताना कोपऱ्यातल्या फसव्या चालींना कसं तोंड द्यावं? जोसेकी किती पाठ कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने ऑनलाइन गो (काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी जागा वेढायचा पटावरचा खेळ) खेळताय, तीसेक जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या चालींच्या मालिका, पाठ आहेत, तरी समोरच्याने कोपऱ्यात कायतरी वाकडंच टाकलं की वीस-पंचवीस चालीत डाव हातातून जातो, मग आता अजून पाठ करू का. नका करू. मी तेच केलं आणि वर्षभर मार खाल्ला.

मी सांगलीचा, म्हणजे मूळ बुद्धिबळवाला. आमच्याकडे भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे घरटी एक तरी पटावर बसलेला सापडतो, भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. त्यामुळे ओपनिंग पाठ करायची खोड लहानपणापासूनच. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर गो सापडला, मग मी आणि विश्रामबागचा एक मित्र, दोघांनी सुताराकडून पट करून घेतला. १९ बाय १९ सांगितलं तर त्याने १९ घरं आखून दिली, आणि गो रेघांच्या छेदावर खेळतात, म्हणजे आमच्या पटावर २० रेघा! शेवटची रेघ पांढऱ्या रंगाने पुसली. गोट्या म्हणून शर्टाची बटणं, काळी १८१ आणि पांढरी १८०.

तर हा मित्र प्रत्येक डावात पहिली चाल पाच-तीनवर टाकायचा, म्हणजे एका कडेपासून पाचवी रेघ, दुसरीपासून तिसरी. मी पुस्तकी माणूस, लगेच तीन-चारवर शिरायचो. मग तो माझ्या डोक्यावर लांबची घोडाचाल टाकायचा, आपला घोडा अडीच घरं जातो, ही साडेतीन समजा. झालं, याला जपानीत ताइशा म्हणतात, आणि तिथून इतके फाटे फुटतात की नादारे आणि मुरामासाची तलवार यांच्या जोडीने ही तीन सगळ्यात किचकट जोसेकी मानली जातात. मी यूट्यूब बघून त्यातला एक फाटा अकरा चालींपर्यंत पाठ केलेला, मित्राने नवव्या चालीला वेगळंच बटण ठेवलं, मला कापलं, आणि मला वाटलं आता ह्याला धडा शिकवतो, त्याची एक गोटी अटारीत होती (म्हणजे तिच्याशेजारी एकच मोकळा छेद उरलेला, तो भरला की गोटी मेली) म्हणून मी लॅडर, म्हणजे जिना, सुरू केला. अटारी, तो पळाला, दुसऱ्या बाजूने अटारी, तो पळाला, असं जिन्यासारखं तिरकं तिरकं पटभर, मी मनातल्या मनात हसतोय, आणि बारा-तेरा पायऱ्या झाल्यावर समोरच्या कोपऱ्यात चार-चारवर त्याचंच काळं बटण बसलेलं दिसलं. ते तिथे दुसऱ्या चालीपासून होतं हो! त्याच्या पळणाऱ्या गोट्या त्या बटणाला जाऊन चिकटल्या, तो सुटला, आणि माझ्या गोट्यांच्या दोन्ही रांगांना जागोजागी भोकं, तो जिथे ठेवेल तिथे एकाच चालीत दोन अटाऱ्या. बटणं गोळा केली आणि चहा टाकला.

सांगलीत ही गोष्ट कळायला खरं तर वेळ लागायला नको होता. इथे ऊन पडलेलं असलं तरी पावसाळ्यात माणूस आधी कोयनेतून किती सोडलंय ते बघतो, मग आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघतो. कोपऱ्यातली फसवी चाल पण तशीच, ती चालते की नाही हे बऱ्याचदा तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर ठरतं. जोसेकीच्या व्हिडिओत मात्र फक्त एकच कोपरा दाखवतात.

अशा चालींना हामेते म्हणतात. टाकणाऱ्याला पण माहीत असतं की बरोबर उत्तर आलं तर नुकसान त्याचंच आहे. तो फक्त तुमच्या हावरेपणावर पैज लावतो, की हा चिडून शिक्षा द्यायला येणार. मी नंतर असले डाव कॅटागोला दाखवले (फुकट इंजिन आहे, पॉइंटमध्ये हिशोब देतं), तर बहुतेक वेळा साधी भित्री वाटणारी चाल खेळूनही मी पुढेच होतो, शिक्षा द्यायच्या नादात मात्र सगळा कोपरा जात होता.

म्हणून वाकडी चाल आली की मी आता आधी हात मांडीखाली ठेवतो, खरंच ठेवतो. लॅडर कुणाच्या बाजूने जातो ते बघतो, मग दोघांच्या लिबर्टी, म्हणजे गोटीला लागून असलेले मोकळे छेद, मोजतो. मोकळ्या जागी एका गोटीला चार, कडेला तीन, अगदी कोपऱ्यात दोनच, त्यामुळे तिथे मारामारीत माणूस वाटतं त्यापेक्षा लवकर मरतो. आणि डोकं गरगरायला लागलं तर सरळ साधा फाटा धरायचा. पाच-तीनवाला आला तर तीन-चारऐवजी तीन-तीनला जा किंवा चार-चारवर, ताइशाच होत नाही. नाहीतर सरळ दुसरीकडे खेळा.

पाठ करायच्याच असतील तर पाच-सहा पुरे, पण प्रत्येक चालीला 'ही नाही खेळलो तर काय' विचारून. जपानी लोकांची जुनी म्हण पण आहे, जोसेकी पाठ केली आणि दोन गोट्यांनी कच्चा झालो. आणि पाठ केलेलं बदलतं पण. चार-चारच्या गोटीखाली सुरुवातीलाच तीन-तीनला घुसू नये, समोरच्याला बाहेर भिंत मिळते, हे आधी सगळे शिकवायचे. २०१६ ला अल्फागो या कॉम्प्युटर प्रोग्रामने कोरियन प्रो ली सेदोलला ४-१ हरवलं, पुढच्या जानेवारीपर्यंत अल्फागोचाच मास्टर अवतार ऑनलाइन ६० पैकी ६० जिंकला, आणि आता मोठमोठे प्रो पण पहिल्या दहा-बारा चालीत तीन-तीनला घुसतात. फक्त दुसऱ्या रेघेवर समोरच्याच्या गोटीला वळसा घालून मग आपली गोटी मागे जोडायची देवाणघेवाण आता लगेच करत नाहीत, कारण तिने समोरच्याची भिंत आयती पक्की होते. ज्यांनी जुनं कारणासकट शिकलेलं त्यांना हे दोन दिवसात पचलं, माझ्यासारख्यांना परत सगळं शिकावं लागलं.

मित्र अजून पाच-तीनच टाकतो. परवा टाकलं, मी गुपचूप तीन-तीनवर बटण ठेवलं. पाच मिनिटं पटाकडे बघत बसला आणि म्हणाला, "काय लेका, सगळी मजाच घालवलीस की."