नव्या स्वयंसेवकास

अपंग व्यक्तीला मदत करण्यापूर्वी विचारावे आणि नकार मिळाल्यास तो मनाला लावून न घेता बाजूला व्हावे, एवढे जमले तरी निम्मे काम झाले असे मी मानतो. दृष्टिहीन व्यक्तीचा हात किंवा पांढरी काठी धरून तिला ओढू नका; आपले कोपर पुढे करा, तिला ते धरू द्या आणि अर्धे पाऊल पुढे चालत पायरी चढती आहे की उतरती हे आधीच सांगा. दुभाषी सोबत असला तरी बोलताना कर्णबधिर व्यक्तीकडेच पाहावे. (रोजचे काम करणाऱ्याला शूर म्हणणेही टाळा, ते बहुधा खुपते.) अपंग व्यक्तींशी निगडित निर्णयांत त्यांना सामील करून घ्यावे, असे संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करारही सांगतो, तेव्हा कार्यक्रमाच्या जागेचा उतार, दरवाजे आणि स्वच्छतागृह यांची पाहणी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या सहकाऱ्यासोबतच करा.