आजोबांचा फोटो मोठा करताना

प्रश्न : आजोबांचे तेरावे चार दिवसांवर आहे. त्यांचा एकट्याचा एकच जुना पासपोर्ट फोटो सापडला. मोठा केला की फुटतो. काय करावे?

उत्तर : तुम्ही बहुधा मोबाइलने फोटोचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलात. तिथे फाइल दाबून लहान केली जाते आणि बारकावे जातात. त्याऐवजी मूळ फोटो स्कॅनरवर 1200 डीपीआयला (इंचाला 1200 ठिपके) स्कॅन करून घ्या. 35 × 45 मिमीच्या फोटोतून साधारण 1650 × 2125 पिक्सेल मिळतात. 8 × 10 इंची प्रिंटला इंचाला 200 पिक्सेल धरले, तर 1600 × 2000 लागतात, म्हणजे एवढे पुरतात. त्याहून मोठ्याचा हट्ट नको. फाइल पेनड्राइव्हवर न्या.

स्टुडिओवाल्याला डाग, ओरखडे, शिक्क्याची शाई काढायला सांगा. सुरकुत्यांना हात लावू देऊ नका. गुळगुळीत केलेला चेहरा घरच्यांनाच ओळखू येत नाही. कोट-टाय चिकटवण्याची हौसही आवरा.

प्रिंट मॅट कागदावर घ्या आणि फ्रेममध्ये माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या. काच थेट टेकली, तर पावसाळ्यात फोटो तिला चिकटतो. हाराचे पाणीही फ्रेमच्या खाचेतून आत झिरपते, म्हणून फुले निथळूनच घाला.